एकवीस नावांचा रोट

आईने गहू मोजले तेव्हा मी समोरच बसलो होतो. थांबवायला हवं होतं. पण शुक्रवार होता, मला सेकंड शिफ्टला निघायचं होतं, आणि वाटलं, एवढी खुशीत मोजतेय तर मोजू दे.

आमच्याकडे एक पितळी मापटं आहे, आजीच्या वेळचं. कानुबाईच्या रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक मापटं गहू काढायचे, वर एक मूठ. आमच्या घराची ही पद्धत. बायकांच्या नावाचे गहू नसतात. त्या फक्त करतात आणि खातात.

आई एकेक नाव घेत परातीत ओतत होती. निवृत्ती भाऊजी. नवनाथ भाऊजी. त्यांची पोरं. पुण्याचा धनराजदादा. धनराजदादाचा मुलगा, जो सहा महिन्यांचा आहे आणि ज्याला एकही दात नाही. त्याचंही मापटं, वर मूठ.

एकवीस नावं झाली.

दरवर्षी दोन असतात. पप्पा आणि मी.

ज्यांच्याकडे कानुबाई नसते त्यांना सांगतो. आम्ही खानदेशाकडचे, गाव सटाण्याच्या पुढे. मी जन्मल्यापासून नाशिकला, सिडकोत. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची देवी कानुबाई घरात बसते आणि तिच्या नावाचं जे धान्य दळायचं तो रोट. त्याच्या पुरणपोळ्या, खीर, सगळं. आमच्यात नियम कडक. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. म्हणजे आमच्या आडनावाचे पुरुष, त्यांच्या बायका आणि लग्न न झालेल्या मुली. शेजाऱ्याला नाही, मित्राला नाही, कुत्र्यालाही नाही. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची, म्हणून तिलाही नाही. आणि राखीपौर्णिमेचा दिवस मावळायच्या आत पीठ संपलंच पाहिजे. उरलं तर दोष.

एकवीस नावं कुठून आली, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून. आमच्या घराण्याचा ग्रुप आहे. आईने त्यावर बोलून मेसेज टाकला होता, यंदा रोट नाशिकला आमच्याकडे, सगळ्यांनी घरच्यांसह यावे. खाली भराभर अंगठे आले. आईने ते दोनदा मोजले. कुठला अंगठा कुणाचा हे मला विचारून घेतलं. तिच्या हिशोबाने अंगठा दाखवला म्हणजे माणूस येणार. मी म्हटलं एकदा फोन करून विचार. ती म्हणाली, घरच्या माणसांना काय विचारायचं?

ती त्या आठवड्यात नुसती गावाबद्दल बोलत होती. लग्न होऊन आली तेव्हा घरात तीसेक माणसं. शनिवारी उजाडायच्या आधी तीन जात्यांवर दळण सुरू व्हायचं. रविवारी पंगती. आधी पुरुष, मग पोरं, मग चार वाजता बायका. चार वाजता. तेही ती अशी सांगायची की जणू सिनेमा बघायला बसल्या होत्या. लंकाआत्या ओव्या कशा म्हणायच्या, कोण कुणाची फिरकी घ्यायचं. पीठ दोन दिवसांत खलास. आणि शेवटी तिचं ठरलेलं वाक्य. "कुणाला कुठे जायचंच नसायचं रे शेखर."

शनिवारी सकाळी सातला ती गिरणीच्या शटरसमोर जाऊन बसली. पहिलं दळण आमचं पाहिजे, दुसऱ्याचं पीठ मिसळायला नको. गिरणीवाल्याकडून तिने जातं झाडून, पुसून घेतलं. मी बाइकवर डबा घेऊन यायला गेलो. परत येताना पवननगरच्या स्टॉपजवळ ट्रॅफिक होतं, तेव्हा मागून ती माझ्या कानाशी म्हणाली, "हा रोट नीट संपला ना, की चैतालीचं घर रांगेला लागेल. मी कानुबाईला बोललेय तसं."

पुढची रिक्षा हलली, मी गिअर टाकला.

चैताली माझी मोठी बहीण. तीन वर्षांपूर्वी लग्न झालं, ओझरला दिलीये. दोन-अडीच आठवड्यांपूर्वी एक बॅग घेऊन रिक्षातून उतरली आणि म्हणाली, राखीपर्यंत राहते. राखीला तेव्हा वीस-बावीस दिवस होते. कुणी विचारलं नाही. पप्पांनी नाही, मी नाही. शेजारच्या मंगलाबाईंना आईने, त्यांनी न विचारताच, सांगून टाकलं, राखीला आलीये. मंगलाबाई म्हणाल्या, हो का, यंदा लवकरच आली. आई त्या दिवशी दार लावूनच बसली.

म्हणून एकवीस नावं. मोठा रोट, मोठं मागणं.

रविवारी कानुबाई छान सजली होती. चौरंगावर नारळ, त्याला नथ, डोळे, हिरवं लुगडं. ताईने पहाटेपासून पुरण शिजवलं, वाटलं, लाटायला बसली. करायला तिला बंदी नाही. फक्त खायला.

साडेअकराला पहिला फोन आला. कुणाच्या मुलाचा क्लास. कुणाला रविवारी फ्लॅट बघायला जायचं होतं. कुणाला हायवेचं ट्रॅफिक. निवृत्तीकाका, म्हणजे सगळ्यांत थोरले, त्यांचे गुडघे. धनराजदादाने मात्र खरं सांगितलं. काकू, अंगठा म्हणजे मेसेज वाचला, येतोय असं नाही. आईने फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, हो हो, मला माहितीये.

मालेगावहून नवनाथकाका, काकू आणि त्यांचा मुलगा आले. पाऊण तास थांबले. पुढे त्यांना इंदिरानगरला कार्यक्रम होता. काकांना शुगर, दीड पोळी खाल्ली. काकूंचं डाएट चालू होतं. मुलगा चार खाऊन गेला, देव त्याचं भलं करो. निघताना काकांनी स्वयंपाकघरात डोकावून डबा बघितला आणि विचारलं, वहिनी, एवढं कुणासाठी? आई हसून म्हणाली, असू द्या, संपेल.

ते गेल्यावर मी वजनकाट्यावर उभा राहिलो. आधी नुसता, मग डबा घेऊन.

साडेदहा किलो.

मी अंबडला कंपनीत सीएनसी मशिन चालवतो. प्रोग्रॅमिंग मोबाईलवर बघून शिकलो, आकडे डोक्यात आपोआप फिरतात. रविवार संध्याकाळ ते शनिवार. सहा दिवस. तोंडं तीन. माणशी रोज सहाशे ग्रॅम पीठ. एका पोळीला साधारण चाळीस ग्रॅम धरा. पंधरा पोळ्या. प्रत्येकी. रोज.

चौथं तोंड घरातच होतं आणि ते बाजरीची भाकरी खात होतं.

सोमवारी नाश्त्याला पोळ्या, दुपारी पोळ्या, रात्री पोळ्या. मंगळवारी आईने पिठाचा शिरा केला, धिरडी केली, वरणफळं केली. मी डब्यात बारा पोळ्या नेल्या. जेवणाची सुट्टी झाल्यावर साई, जो माझ्या शेजारच्या मशिनवर असतो आणि ज्याच्या डब्यातलं मी तीन वर्षं रोज खातोय, त्याने सवयीने हात पुढे केला. मी डबा मागे ओढला. हात आपोआपच मागे गेला. त्याचा हात तसाच हवेत. मी म्हटलं, अरे, देवाचं आहे, घरच्यांनीच खायचं असतं. तो म्हणाला, बरं. आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. मी पार्किंगमध्ये बाइकवर बसून बारा पोळ्या संपवल्या. शेवटच्या दोन पाण्याबरोबर गिळल्या. उलटी येईल असं वाटत होतं, आणि डोक्यात एकच, उलटीत गेलं तर तेही वाया गेलं असं धरतील का.

घरी पप्पांना ॲसिडिटी झाली. पप्पा मुळात कमी बोलणारे, आता तर नुसते पोटावर हात ठेवून बसायचे. आई सगळ्यांत जास्त खात होती. भांडी घासताना खायची, कपडे वाळत घालताना खायची. मी बघितलं की गॅलरीत पाठमोरी उभी राहून ती पोळीचा तुकडा तोंडात कोंबते आणि डोळे मिटून गिळते. तिने जावेला, म्हणजे निवृत्तीकाकांच्या बायकोला, फोन करून विचारलं, उरलं तर काय करतात. त्या म्हणाल्या, खड्डा करून पुरतात. पण ते चांगलं नसतं. त्यानंतर आईची झोपच गेली. सकाळी उठली की आधी डब्याचं झाकण उघडून बघायची, रात्रीतून आपोआप कमी झालंय का.

बुधवारी संध्याकाळी दाजींचा फोन आला. आईच्या मोबाईलवर. आई गॅलरीत गेली, दहा मिनिटांनी परत आली तर चेहरा वेगळाच.

"शनिवारी येताहेत. राखी झाली की घेऊन जातील. बघ, ऐकलं की नाही कानुबाईने?"

तेव्हा डब्यात अजून सहा किलो होतं. ते नीट संपवायचं, म्हणजे झालं. आईच्या अंगात एकदम जोर आला. कणीक मळायला घेतली.

ताई पोळपाटावर होती. लाटणं न थांबवता म्हणाली की ती जाणार नाहीये.

आईने विचारलं, म्हणजे कधी जाणार.

ताई म्हणाली, जाणारच नाही.

मग तिने सांगितलं. अठरा-वीस दिवसांत पहिल्यांदा. दाजी दारू पीत नाहीत, हात उचलत नाहीत. म्हणून तर तिला काय सांगावं कळत नव्हतं. त्यांनी घरात कॅमेरे लावलेत. एक हॉलमध्ये, एक किचनमध्ये फ्रिजच्या वर. ड्यूटीवर बसून मोबाईलवर बघतात. सासूबाई गावी गेल्या की त्याही तिथून बघतात. दूध उतू गेलं की आवाज येतो. जास्त वेळ बसली की आवाज येतो. फोनवर बोलली की आवाज येतो, कोण होतं. एकदा ती बाथरूममध्ये जाऊन तासभर नुसती बादली पालथी घालून बसली, कारण तिथे कॅमेरा नाही. तर चौदा मिस्ड कॉल. आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, पोट बिघडलंय का तुझं.

आई ऐकत होती. तवा तापून धूर निघायला लागला होता.

मग ती म्हणाली, "एवढंच? कॅमेऱ्याचं काय एवढं. आमच्यावर तीस जणांचे डोळे असायचे गं दिवसभर. सासू, आजेसासू, चार जावा. आम्ही नाही राहिलो?"

"त्या तीस जणांत तुझ्याशी बोलणारं एखादं तरी होतं ना?" ताई म्हणाली. "माझ्याशी दिवसभर तो कॅमेराच बोलतो. स्पीकर आहे त्याला."

आईने पोळी तव्यावर टाकली आणि ती पूर्ण काळी होईपर्यंत उलटली नाही. मग तीच काळी पोळी स्वतः खाल्ली. टाकायची नव्हती ना.

गुरुवारी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. काम मात्र सोबतच चाललेलं. एक लाटतेय, दुसरी भाजतेय. आई मला बाजूला घेऊन सांगायची की तू समजाव तिला, तुझं ऐकते. मी काय समजावणार. दाजी माझ्याशी नेहमी चांगले वागलेत. माझ्या बाइकच्या हप्त्याला ते जामीन आहेत. हे मी ताईला बोललो नाही, पण डोक्यात आलं, हे खरंय.

शुक्रवारी जेवायला बसलो तेव्हा तीन किलो शिल्लक होतं. ताई कडेला ताट घेऊन बसली, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आम्ही तिघं पोळ्यांच्या ढिगासमोर. कुणाचा हात पुढे जात नव्हता. पप्पांनी एक घास घेतला, खाली ठेवला आणि ताईकडे बघत राहिले.

म्हणाले, "लंका अशीच बसायची. अकरा वर्षं."

आई म्हणाली, "त्यांचं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

मी विचारलं, लंकाआत्या म्हणजे त्या ओव्यावाल्या ना? कारण आईच्या गोष्टींत त्या मला एवढ्याच माहीत.

मग पप्पा बोलले, सलग, मी त्यांना इतकं बोलताना कमी ऐकलंय. लंकाआत्या त्यांची मोठी बहीण. बाविसाव्या वर्षी सासरहून परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिला घरात ठेवलं, कामं दिली. जात्यावर सगळ्यांत आधी ती बसायची, उठायची सगळ्यांत शेवटी. पण रोट तिला कधी मिळाला नाही, कारण ती दुसऱ्या घरची. त्या दुसऱ्या घराने तर दुसरी बायको करूनही टाकली होती. तरी ती दुसऱ्या घरचीच. सगळी पंगत पोळ्या खायची आणि ती गोठ्याच्या भिंतीला टेकून कालची भाकरी खायची. अकरा श्रावण. मग गेली एका तापात.

"तिला ताट कोण नेऊन द्यायचं, विचार तुझ्या आईला," पप्पा म्हणाले.

आई ताटातल्या पोळीकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मी नवीन होते. मला सांगायचे, जा, देऊन ये. मी न्यायचे. त्या म्हणायच्या, नव्या नवरी, चटणी जरा जास्त घालत जा." मग थांबून, "मी घालायचे जास्त."

ती उठली आणि डब्याचं झाकण लावून आत गेली. त्या रात्री कुणीच आणखी खाल्लं नाही.

शनिवार. राखीपौर्णिमा.

सकाळी आठला ताईने मला राखी बांधली. मी तिला पाकीट दिलं, तिने न उघडता उशीखाली ठेवलं. आईने उरलेलं सगळं पीठ एकदम मळून टाकलं, तीन किलो पिठाचा गोळा, एवढी मोठी परात. म्हणाली, मळलं की खावंच लागतं. दिवस मावळायच्या आत. ताई लाटत होती, आई भाजत होती. बॅग दाराजवळ होती. कुणी भरून ठेवली माहीत नाही. ताईने भरली नव्हती, म्हणजे आईने.

अकराला दाजी आले. पेढ्यांचा बॉक्स, पप्पांना नमस्कार, माझ्या पाठीवर थाप. काय शेखर, कंपनी काय म्हणते. मी म्हटलं, चालूये. आईने त्यांना चहा आणि चिवडा दिला. त्यांनी मोबाईल टेबलावर उलटा ठेवला, मग सुलटा केला, मग खिशात ठेवला. आतल्या दिशेने आवाज दिला, "चैताली, आवरलं का? ऊन व्हायच्या आत निघू."

ताई बाहेर आली. हाताला पीठ तसंच. भिंतीला लावलेलं ताट घेतलं, जमिनीवर मांडलं, समोर बसली. आमच्या दोघांच्या, पप्पांच्या आणि माझ्या, ओळीत.

"आई, मला वाढ."

दाजी म्हणाले, "हां, जेवून घे, जेवून घे. घाई नाही."

त्यांना माहीतच नव्हतं. ते निफाडकडचे, त्यांच्यात कानुबाई नसते. त्यांना वाटलं भूक लागलीये. त्या खोलीत पाच माणसं होतो आणि चौघांनाच कळलं होतं की काय मागितलंय.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उलथन्यावर पोळी. तिने पप्पांकडे बघितलं. पप्पा खाली बघत होते. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, खरं सांगतो, ना हो ना नाही. मला वाटत होतं दाजींनी काहीतरी बोलावं, फोन वाजावा, काहीही व्हावं. आईच्या हातातली पोळी वाकून उलथन्यावरून घसरायला लागली. ती पडली असती तर वाया गेली असती.

आई दोन पावलं पुढे आली आणि पोळी ताईच्या ताटात ठेवली. मग आत जाऊन तुपाची वाटी आणली आणि वरून तूप घातलं. जरा जास्तच घातलं.

ताईने तुकडा मोडला आणि खाल्ला. चावत होती आणि कान लाल झाले होते.

दाजी खुर्चीतून पुढे वाकून म्हणाले, "वास छान येतोय. आम्हालाही एक चालेल, आई."

"तुम्हाला नाही चालत, जावईबापू."

ते हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. आई हसली नाही. तिने सांगितलं, आवाज बारीक होता पण न थांबता, की हा आमच्या कानुबाईचा रोट. आमच्या घरातलं माणूस असेल त्यालाच देतो. दिलेली लेक खात नाही. आणि हिने खाल्ला.

"म्हणजे?"

"म्हणजे तिची बॅग मी आत नेऊन ठेवते."

दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले की पोळीवरून संसार मोडतात का कुणी, शिकलेली माणसं तुम्ही. ताईकडे बघून म्हणाले, तू काही बोलणार आहेस का. ताई म्हणाली, किचनमधला कॅमेरा काढला असता तर तेव्हा बोलले असते, चार वेळा सांगितलं होतं. ते म्हणाले, सेफ्टीसाठी आहे तो. आणि उठले. दारात बूट घालताना मला म्हणाले, शेखर, तू तरी समजाव. मी म्हटलं, दाजी, पेढे घेऊन जाता का. का बोललो असं मलाही माहीत नाही. ते न घेता गेले. जिन्यावर मोबाईल कानाला लावल्याचं ऐकू आलं, हां आई, ऐक.

आईने दार लावलं आणि तिथेच खाली बसली.

"मी हिचं घर लागावं म्हणून केलं होतं हे सगळं," ती म्हणाली. "आणि माझ्याच हाताने मोडलं का रे?"

ताई दुसरी पोळी घ्यायला स्वतः उठली. तिसरी पण खाल्ली. सहा दिवस ती त्या पोळ्या लाटत होती, वास घेत होती, आणि आता अशी खात होती की आई रडत रडत तिच्याकडे बघत राहिली. पप्पांनीही ताट पुढे ओढलं. मीही.

दोन वाजता आईने तोंड धुतलं आणि मला म्हणाली, निवृत्ती भाऊजींना फोन लाव. मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, ओझरहून त्यांना कळायच्या आत माझ्याकडून कळू दे. मी स्पीकरवर लावला. तिने सगळं सांगितलं, त्यांच्याशी ती आमच्या गावच्या बोलीतच बोलते. काही लपवलं नाही. चैतालीने रोट खाल्ला आणि मी वाढला, हे दोनदा सांगितलं.

मग काका म्हणाले, "सकाय येतस आम्ही. बठीसन बोलूत."

उद्या येतो, बसून बोलू. कोण कोण, तर ते स्वतः, नवनाथकाका, धनराजदादाला पुण्याहून बोलावतो म्हणाले, आणखी दोघं-तिघं. गुडघ्यांचं काही निघालं नाही. क्लास, ट्रॅफिक, काही नाही. उद्या रविवार, सगळ्यांना वेळ होता.

फोन ठेवल्यावर आई मोबाईलच्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसली. गेल्या रविवारी ज्यांची वाट बघत तिने दहा वेळा गॅलरीत चक्कर मारली होती, ते सगळे उद्या येणार होते.

"काय म्हणतील रे?" तिने विचारलं.

पप्पा म्हणाले, "म्हणू दे. मी बोलेन." आणि लगेच पोटावर हात ठेवला.

"तुम्ही कधी बोललात का त्यांच्यापुढे?"

पप्पा उठून घरातल्या खुर्च्या मोजायला लागले.

ताईने परातीतला गोळा उचलून हातात तोलला. अजून पाऊण किलो तरी होता. साडेतीन वाजले होते. ती म्हणाली, आई, बारीक गॅस कर, मी लाटते. आई उठली. तव्यासमोर उभी राहिली, पहिली पोळी टाकली आणि मागे न बघता मला म्हणाली की मंगलाबाईंकडून चार खुर्च्या मागून आण. त्यांनी विचारलं कशाला, तर सांग, चैतालीसाठी माणसं येताहेत.

मी चप्पल घातली. दारात थांबून विचारलं, अजून काही विचारलं तर?

"तर म्हणावं, आईला विचारा," ती म्हणाली, आणि पोळी उलटली.